दोघांचा एक शनिवार: नाशिकची वायनरी आणि रात्रीचं निवांत जेवण

नाशिकला वायनरी बघायला येणारी बरीच जोडपी एका दिवसात तीन-तीन ठिकाणं उरकायचा बेत आखतात. दुपारी एक, चारला दुसरी, सूर्यास्ताला तिसरी आणि मग जेवायला शहरात. फोटो भरपूर निघतात. पण तिसऱ्या ठिकाणी पोहोचेपर्यंत जिभेला काही कळेनासं झालेलं असतं, आणि ज्यासाठी दोघं घराबाहेर पडलो ते निवांत बोलणं राहूनच जातं. म्हणून माझं सांगणं सरळ आहे: एका दिवशी एकच वायनरी, तिथे निदान तीन तास, आणि रात्रीचं जेवण आधीच ठरवलेलं. चवीचा निम्मा भाग जेवणाच्या ताटात कळतो, त्यामुळे जेवण ‘नंतर बघू’ म्हणून सोडून देऊ नका.

मी गंगापूर रोडला राहते. पाहुणे आले की त्यांना मळा दाखवायला नेणं आमच्याकडे नेहमीचंच. हे लिहिते आहे ते मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांसाठी, आणि त्याहून जास्त, इथेच राहून वायनरीच्या फाटकातून कधी आत न गेलेल्या नाशिककरांसाठी. ‘आपल्याला त्यातलं काय कळतं’ असं म्हणून मागे राहणारी जोडपी माझ्या ओळखीत खूप आहेत. द्राक्षाच्या जिल्ह्यात वाढलेल्या माणसाला त्यातलं बरंच काही आधीच कळत असतं. दोघांपैकी एकजण घेत नसेल तरीही जा. मळा, टाक्या, तळघरातली लाकडी पिंपं आणि जेवण यातल्या कशालाच ग्लासाची अट नाही.

महिना कोणता निवडायचा

डिसेंबरअखेर ते मार्च हा वाइनच्या द्राक्षांच्या तोडणीचा काळ, आणि जानेवारी-फेब्रुवारी सगळ्यात चांगले. आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षात दोनदा होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी, मग पावसाळा संपताना फळछाटणी, म्हणजे गोडी बहाराची. युरोपात हिवाळ्यात वेल झोपी जाते आणि फळ उन्हाळ्याअखेर येतं. नाशिकमध्ये वेल कधी पूर्ण झोपत नाही, म्हणून शेतकऱ्याने छाटणी करूनच तिला फळाचा हंगाम दाखवावा लागतो. थंडीत दिवसा ऊन आणि रात्री गारवा, या फरकामुळे साखर भरत असताना आंबटपणाही टिकतो. वाइनला दोन्ही लागतं.

हंगामात शक्य असेल तर सकाळीच पोहोचा. तोडणी पहाटे सुरू होते, कारण उन्हात तापलेलं फळ क्रेटमध्येच आंबायला लागतं. हातात छोटी कात्री घेतलेल्या बायका घड डाव्या तळहातावर तोलून देठ कापतात, सडका मणी दिसला तर तिथल्या तिथे काढून टाकतात, आणि क्रेट भरला की ओळीच्या टोकाला सरकवतात. ट्रॅक्टर आला की थोड्या वेळात आवारभर आंबट-गोड वास पसरतो. मळेवाल्यांना विचारून एक मणी तोंडात टाका. खायच्या थॉमसन किंवा सोनाकाची सवय असलेल्या जिभेला धक्का बसेल: मणी बारीक, साल जाड, आत बिया आणि साखर खायच्या द्राक्षापेक्षा जास्त. लाल वाइनचा रंग आणि तुरटपणा त्या जाड सालीतूनच येतो.

पावसाळ्यात डोंगर हिरवे, धरण भरलेलं आणि हवा सुंदर, पण वेलीवर फळ नसतं. फिरायला छान, वाइन समजून घ्यायला अर्धवट. एप्रिल-मेमध्ये गेलात तर उन्हं उतरल्यावरच जा. ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये सिंहस्थाची अमृतस्नानं आहेत. तेव्हा त्र्यंबक रस्त्याकडे आणि शहरात गर्दी प्रचंड असणार, त्यामुळे ती वेळ या बेतासाठी सोडूनच द्या.

कुठे जायचं

शहराच्या पश्चिमेला, गंगापूर धरणाच्या अंगाला, सगळ्यात सोयीची ठिकाणं आहेत. सुला सगळ्यांना माहीत आहे. राजीव सामंत यांनी नव्वदच्या दशकाच्या शेवटी इथे वेली लावल्या, २००० मध्ये पहिली वाइन बाजारात आली, आणि २००५ मध्ये लोकांना आत बसून चव घेता येईल अशी टेस्टिंग रूम सुरू झाली. नाशिकच्या वाइन-पर्यटनाची घडी इथूनच बसली. व्यवस्था चोख, सगळं समजावून सांगणारी माणसं आहेत, पण शनिवार-रविवारी गर्दी आणि गाणी दोन्ही मोठी. पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी इथे जावं, मात्र शक्यतो दुपारी लवकर.

जवळच यॉर्क आहे. २०२१ पासून तीही सुलाच्याच मालकीची, पण आकाराने लहान आणि धरणाच्या पाण्याकडे तोंड करून. दोघांनीच शांत बसायचं असेल तर माझी पसंती इथे. गंगावऱ्हे बाजूला सोमा आहे, तिथे राहण्याचीही सोय आहे.

इगतपुरी तालुक्यात कावनईजवळ मुकणे धरणाच्या काठी व्हॅलोने आणि सांजेगावला ग्रोव्हर झम्पा. मुंबईहून येणाऱ्यांना या वाटेवर पडतात, आणि समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाल्यापासून ही बाजू आणखी सोपी झाली आहे. दिंडोरीकडे शॅंडॉन आहे, मोएट हेनेसी या फ्रेंच समूहाची, फसफसणाऱ्या वाइनसाठी. तिथे आधी विचारून, वेळ घेऊनच जावं.

बुकिंग आणि नियम

शुक्रवारी रात्री ‘उद्या जाऊ’ म्हणणाऱ्यांना हंगामात जागा मिळणं कठीण. आठवडाभर आधी वायनरीच्या वेबसाइटवर किंवा फोनवर तीन गोष्टी नक्की करा: टूरची वेळ, टेस्टिंगमध्ये किती वाइन देतात, आणि जेवणाचं टेबल बाहेर मिळेल का. गर्दीच्या दिवशी प्रवेशशुल्क आहे का, आणि ते बिलातून वळतं होतं का, हेही विचारा. जमत असेल तर शुक्रवार निवडा. एक दिवस रजा टाकलीत की गर्दी निम्म्याने टळते.

महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षं पूर्ण अशी आहे. तरुण जोडप्यांनी आधार किंवा लायसन्स जवळ ठेवावं, विचारतात. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे ड्राय डे. मतदानाच्या आधीपासून विक्री बंद असते, आणि काही सणांनाही. जोडून आलेल्या सुट्टीचा बेत आखताना नेमकं हेच विसरलं जातं, म्हणून तारीख ठरली की पहिल्यांदा हे पाहा. गरोदरपणात, किंवा मेट्रोनिडॅझोलसारख्या औषधाचा कोर्स चालू असेल तर थेंबही नको. अशा वेळी द्राक्षाचा रस किंवा सरबत मागवा आणि टूर मात्र पूर्ण करा.

गाडी कोण चालवणार, हे घरीच ठरवा

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळलं तर पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वाइनमध्ये साधारण १२ ते १४ टक्के अल्कोहोल असतं. दोन ग्लासांनी काही होत नाही, असं म्हणणाऱ्याच्या हातात चावी देऊ नका. गंगापूर-सावरगाव रस्ता रात्री अंधारा, वळणांचा, आणि हंगामात ट्रॅक्टर मागचा दिवा न लावता चालतात. प्रश्न फक्त दंडाचा नाही.

पर्याय तीन. चार-पाच तासांसाठी ड्रायव्हर ठरवा. किंवा जाताना-येताना दोन्हीची टॅक्सी आधीच पक्की करा. ॲपवरून रात्री दहाला तिकडे गाडी मिळेलच, या भरवशावर राहू नका. तिसरा आणि मला सगळ्यात आवडणारा पर्याय म्हणजे जवळच मुक्काम. रेल्वेने येत असाल तर नाशिक रोड स्टेशन शहराच्या एका टोकाला आणि वायनऱ्या दुसऱ्या टोकाला आहेत, तेवढा वेळ धरा.

निघण्याआधी

रिकाम्या पोटी जाऊ नका. दुपारी वरण-भात, भाजी-पोळी असं साधं जेवून निघा. मिसळ मुद्दाम टाळा. नाशिकची मिसळ मला जीव की प्राण, पण तिखट तर्रीने जीभ दोन-तीन तास वाइनच्या बारकाव्यांना दाद देत नाही. ती दुसऱ्या दिवशी सकाळी.

अत्तर, परफ्यूम आणि मोगऱ्याचा गजरा, तिन्ही संध्याकाळपुरते बाजूला ठेवा. गजऱ्याचं मला स्वतःला वाईट वाटतं, पण ग्लास नाकाशी नेला की मोगऱ्याशिवाय काही येत नाही, शेजारच्या टेबलालाही. जेवणाच्या वेळी माळायला पिशवीत ओल्या रुमालात गुंडाळून न्या. वेलदोडा, बडीशेप, मसाला पान हेही टेस्टिंगआधी नको. पायात सपाट चपला किंवा बूट, कारण मळ्यातली वाट मातीची आणि खडीची असते. हिवाळ्यात शाल किंवा स्वेटर हवाच: संध्याकाळी सातनंतर धरणाकडून येणारा वारा बोचतो.

वाटेत थोडा वेळ असेल तर गंगापूर रोडवरच सोमेश्वर आहे. महादेवाचं दर्शन आणि धबधबा दोन्ही होतं. आमच्याकडची जुनी जोडपी आजही आधी सोमेश्वराला जातात, मग पुढे.

टूरमध्ये काय पाहायचं

टूर साधारण अर्धा-पाऊण तास चालतो. टाक्या आणि पिंपांचे फोटो काढून लोक पुढे जातात, पण दोन प्रश्न विचारलेत तर सांगणारा माणूस खुलतो. पहिला: ही द्राक्षं तुमच्या मळ्यातली की करारावरच्या शेतकऱ्यांची? नाशिकच्या वाइनमागे दिंडोरी, निफाड भागातले शेकडो शेतकरी आहेत. डावणी-भुरीसारखे वेलीचे रोग, अवकाळी आणि गारपीट हे सगळं त्यांनी सोसल्यावर ती बाटली तयार होते. दुसरा: यंदाची तोडणी कधी झाली?

कामाचा क्रम समजून घ्या, म्हणजे पुढे चव घेताना उपयोग होतो. पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं आधी दाबून रस वेगळा करतात आणि तो थंड स्टीलच्या टाकीत सावकाश आंबवतात. यीस्ट साखर खातं, त्यातून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. लाल वाइनमध्ये रस सालींसकट आंबतो आणि दाबणं नंतर. फसफसणाऱ्या उत्तम वाइनचं दुसरं आंबणं बंद बाटलीतच होतं, म्हणून बुडबुडे आत अडकतात. ओक लाकडाची पिंपं साधारण २२५ लिटरची. त्या खोलीत गेलात की एक मिनिट गप्प उभे राहा आणि नुसता वास घ्या: ओलं लाकूड, व्हॅनिला, थोडी आंबट झाक. हाच वास पुढे लाल वाइनच्या ग्लासात सापडेल.

चव कशी घ्यायची

टेस्टिंगमध्ये प्रत्येक वाइन जेमतेम ३० मिलिलिटरच्या आसपास ओततात. ती संपवलीच पाहिजे असं नाही. टेबलावर थुंकण्यासाठी भांडं असतं, ते वापरण्यात कसलाही अपमान नाही. वाइन बनवणारे रोज तेच करतात.

ग्लास दांडीला धरा, पोटाला नको, नाहीतर हाताच्या उबेने वाइन तापते. पांढऱ्या कागदी रुमालावर तिरका धरून रंग पाहा. न हलवता एकदा वास घ्या, मग टेबलावरच ठेवून गोल फिरवा आणि पुन्हा घ्या. दुसऱ्या वासात पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त सापडतं. मग छोटा घोट, तो जिभेवर सगळीकडे फिरवा, गिळल्यावर चव किती वेळ राहते ते पाहा. दोन वाइनच्या मध्ये पाणी आणि कोरडं बिस्किट.

‘पॅशनफ्रूट, गूसबेरी’ असले शब्द ऐकून बिचकू नका. आपल्या स्वयंपाकघरातले वास आठवा. सॉव्हिन्यों ब्लांक ही पांढरी वाइन पहिल्यांदा नाकाशी नेली तेव्हा माझा नवरा म्हणाला, “ही तर पीठ पेरून करायची ढोबळी मिरची चिरतेस तेव्हाचा वास!” तो अगदी बरोबर होता. त्या द्राक्षात आणि ढोबळी मिरचीत वासाचं एकाच जातीचं रसायन असतं. याच वाइनमध्ये पेरू आणि गवती चहाही सापडतात. शेनिन ब्लांक या दुसऱ्या पांढऱ्या वाइनमध्ये मोसंबी, अननस, कधी मधाची झाक. लाल शिराझमध्ये काळी मिरी आणि पिकलेलं जांभूळ. लाल वाइनने हिरड्या आकसल्यासारख्या होतात तो टॅनिनचा तुरटपणा, कच्चा आवळा चावल्यावर होतं तसा.

क्रम असा मागा: आधी फसफसणारी, मग कोरडी म्हणजे गोड नसलेली पांढरी, गुलाबी, लाल, आणि शेवटी लेट हार्वेस्टची, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड. उलट केलंत तर गोडानंतर बाकी सगळं आंबट लागतं. आणि एक दोघांसाठी: प्रत्येकाने आपापली आवडती मनात ठरवा, मग एकाच वेळी सांगा. जी दोघांची जुळते ती रात्री जेवताना पूर्ण बाटली मागवायची. नाही जुळली तर ग्लासाने दोन वेगळ्या.

पाच-सहा चवी झाल्यावर थांबा. मग तासभर काही न घेता धरणाच्या बाजूला किंवा वेलींच्या कडेने चाला, पाणी प्या. हा मोकळा तास बेतातून कधीही कापू नका, बोलणं याच वेळी होतं.

जेवण

वायनरीतच जेवा किंवा शहरात परत या, पण टेबल साडेसात-आठचं ठेवा. शहरात येणार असाल तर त्या हॉटेलला वाइनचा परवाना आहे का आणि आपली बाटली आणली तर ती उघडून देण्याचं शुल्क, म्हणजे कॉर्केज किती, हे दुपारीच विचारा. परवाना नसलेल्या ढाब्यावर किंवा खानावळीत बाटली उघडणं गुन्हा आहे, मालक ‘चालतं हो’ म्हणाला तरी.

आपल्या जेवणासोबत वाइन जुळवताना एक नियम लक्षात ठेवा: तिखटाला टॅनिन आणि जास्त अल्कोहोल दोन्ही चढवतात, तर थोडा गोडवा आणि गारवा त्याला शांत करतात. त्यामुळे काळ्या मसाल्याच्या झणझणीत मटणासोबत महागडी, तुरट लाल कॅबर्ने मागवणं म्हणजे दोन्ही वाया घालवणं. तोंडाची आग होते आणि वाइन कडू लागते. तिथे गार गुलाबी वाइन किंवा किंचित गोड शेनिन घ्या. लाल झिनफँडेल हवीच असेल तर ती थोडी गार करून मागा.

तळलेल्याला बुडबुडे आणि आंबटपणा लागतो. कोथिंबीर वडी, कांदा भजी, कोळंबी फ्राय आले की फसफसणारी किंवा सॉव्हिन्यों ब्लांक. कुरकुरीत वडीच्या घासानंतर गार घोट घेतला की तेलकटपणा धुऊन निघतो आणि पुढची वडी पहिल्यासारखी लागते. दोघांत एवढंच मागवून दीड तास बसलात तरी जेवण झाल्यासारखं आहे. मलई चिकन, पनीर टिक्का, साध्या मसाल्याचं पापलेट यांच्याबरोबर शेनिन किंवा व्हियोनिये, हीही पांढरीच. मिरी घातलेलं सुकं मटण किंवा कबाब असेल तर शिराझला खरी जागा मिळते, कारण मीठ आणि चरबी टॅनिनला मऊ करतात. शाकाहारींसाठी माझी आवडती जोडी म्हणजे कमी तिखटाचं, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि पिंपात मुरलेली शिराझ. धूर धुराला भेटतो.

शेवभाजीपुढे वाइन ठेवू नका. तिला ताकच हवं.

गोडाच्या बाबतीत वाइन पदार्थापेक्षा गोड असली पाहिजे. जिलेबी, बासुंदीसमोर कुठलीच टिकत नाही. म्हणून लेट हार्वेस्ट शेनिन असेल तर तीच गोड पदार्थ समजून एक छोटा ग्लास दोघांत घ्या, सोबत मीठ लावलेले काजू. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण पाच ग्लास निघतात. दुपारच्या टेस्टिंगनंतर दोघांना एक बाटली भरपूर होते, उरली तर झाकण लावून मागून घ्या.

लाल वाइन ‘रूम टेंपरेचर’ला द्यावी म्हणतात ते १६ ते १८ अंशांबद्दल. मे महिन्यात नाशिकच्या खोलीत तेवढं तापमान कुठून येणार? कोमट लाल वाइन आली तर वेटरला बर्फाच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं ठेवायला बिनधास्त सांगा. पांढरी ८ ते १२ अंशांत, फसफसणारी त्याहूनही गार.

बाटली घरी नेताना

बिल जपून ठेवा आणि बाटल्या डिकीत, सीलबंद. राज्याबाहेर नेताना नियम बदलतात. पेठमार्गे किंवा सापुताऱ्याकडून गुजरातमध्ये शिरणार असाल तर एकही बाटली गाडीत नको, तिथे दारूबंदी आहे. उन्हात उभ्या गाडीत वाइन तासाभरात शिजते, म्हणून खरेदी शेवटी करा.

आपल्याकडच्या बहुतेक पांढऱ्या आणि गुलाबी वाइन ताज्याच प्यायच्या असतात, वर्षानुवर्षं ठेवून त्या सुधारत नाहीत. घेताना बाटलीवरचं तोडणीचं वर्ष पाहा आणि अलीकडचं मागा. घरी स्वयंपाकाच्या ओट्यावर किंवा फ्रिजच्या वर ठेवू नका, कपाटाच्या तळाशी अंधारात ठेवा. उघडल्यावर पांढरी फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस, लाल तीन-चार दिवस टिकते. फसफसणारी मात्र त्याच रात्री संपवायची. उरलेली लाल वाइन चौथ्या दिवशी आंबट वाटली तर मटणाच्या मॅरिनेशनमध्ये अर्धी वाटी घाला, मांस मऊ शिजतं.